जुन्या कर्जदाराने स्वस्त दरासाठी दार का बदलावे? राज्यस्तरीय बँकर्स समितीला खुले पत्र

प्रति,
निमंत्रक, राज्यस्तरीय बँकर्स समिती, गोवा,
आणि गोव्यात गृहकर्ज देणाऱ्या सर्व बँका, सहकारी बँका व गृहवित्त कंपन्यांचे शाखाधिकारी
प्रत माहितीसाठी: भारतीय रिझर्व्ह बँक, पणजी कार्यालय

विषय: गृहकर्ज एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेताना होणारी अडवणूक, आणि ती टाळण्यासाठी काही ठोस मागण्या

महोदय, महोदया,

फेब्रुवारी २०२५ ते डिसेंबर २०२५ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर, चार टप्प्यांत ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर उतरला. ज्यांचे गृहकर्ज बँकेचे आणि रेपोशी जोडलेले, त्यांना ही कपात मिळाली. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेल्या फ्लोटिंग (बदलत्या दराच्या) गृहकर्जाचा दर बाह्य मानकाशी, बहुधा रेपोशी, जोडणे आणि निदान तीन महिन्यांतून एकदा बदलणे सक्तीचे आहे. तरीही एकाच शाखेत, एकाच इमारतीतल्या दोन फ्लॅटांवर, सारखा पगार आणि सारखाच क्रेडिट स्कोअर असणाऱ्या दोघांचे दर सव्वा टक्क्याने वेगळे असू शकतात. रेपो दोघांना एकच. वेगळा असतो तो त्यावर चढवलेला स्प्रेड.

काही वर्षांपूर्वी ३.५० टक्के स्प्रेडवर कर्ज घेतलेला माणूस ८.७५ टक्के भरतो. आज नव्याने येणाऱ्याला २.२५ टक्के स्प्रेड लागला तर तो ७.५० टक्के भरतो. जुना माणूस हप्ता चुकवत नाही हे तुमच्या संगणकात महिन्यागणिक नोंदलेले आहे. नव्याबद्दल तुम्हाला अजून काहीच अनुभव नाही. स्वस्त दर मात्र नव्याला. म्हणून जुना उठतो आणि दुसऱ्या बँकेत नवा होऊन बसतो, आणि त्या बँकेचा जुना कर्जदार तुमच्याकडे येतो. या अदलाबदलीत पैसे मिळतात ते वकिलांना, मूल्यांकन करणाऱ्यांना आणि बँकांना कर्जदार आणून देणाऱ्या डीएसए एजंटांना. हे पत्र लिहिणाऱ्यांत टायटल (मालकी हक्क) तपासणारे वकीलही आहेत, तेव्हा हे वाक्य आम्ही स्वतःच्या पोटावर पाय देऊनच लिहीत आहोत. बाकीचे काही हिशेबनीस आहेत, काही तुमच्याच काउंटरच्या आतल्या बाजूने निवृत्त झालेले.

पहिली मागणी म्हणून इथेच करतो. आजवर शाखांचे उत्तर ठरलेले असे: स्प्रेड तीन वर्षे बदलता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आता ही सबब उरलेली नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने बँकांना जुन्या कर्जदाराच्या स्प्रेडमधले जोखीम सोडून इतर घटक तीन वर्षे न थांबता कमी करण्याची मुभा दिली आहे. मुभा आहे, सक्ती नाही, हे आम्हाला कळते. पण मग शाखेच्या फलकावर लिहा की आम्ही स्प्रेड कमी करतो किंवा करत नाही, अर्ज कुठला, फी किती. आज ही सवलत फक्त फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारे पत्र, मागणाऱ्याला मिळते. पत्र मागितल्यावर दुसऱ्याच दिवशी फोन येतो, ‘साहेब, दर कमी करून देतो, जाऊ नका.’ जो शांतपणे हप्ते भरत राहतो त्याला कोणी फोन करत नाही.

जे अजून एमसीएलआरवर किंवा त्याही आधीच्या बेस रेटवर आहेत त्यांचे दुखणे वेगळे. एमसीएलआर एप्रिल २०१६ पासूनचा, बेस रेट जुलै २०१० पासूनचा. या खात्यांचा दर बँकेच्या स्वतःच्या निधीच्या खर्चावर चालतो आणि एमसीएलआरचा आढावा बहुधा सहा महिन्यांनी किंवा वर्षाने येतो. त्यांना त्याच बँकेत रेपोवर आणायला एक अर्ज आणि थोडी फी पुरते. टायटल तपासणी नको, मूल्यांकन नको, कागद हलवणे नको. गृहवित्त कंपन्यांना बाह्य मानकाची सक्तीच नाही. त्या स्वतःचा प्राइम लेंडिंग रेट ठरवतात आणि दर कमी करून द्यायला कन्व्हर्जन फी घेतात. तीही हरकत नाही, जर ती फी आणि नवा दर एकाच कागदावर लिहून मिळाला तर. कर्जदाराने बँक बदलण्याआधी हा कागद हातात घ्यावा, असेच आम्ही सर्वांना सांगतो. घरातल्या घरात पाऊण टक्का कमी होत असेल, तर बाहेर एक टक्का कमी मिळतो म्हणून धावण्यात बहुतेकदा अर्थ नसतो.

आता आकडे. ते शाखेत कोणी मांडून दाखवत नाही, म्हणून इथे मांडतो.

४० लाख रुपये मुद्दल शिल्लक, १५ वर्षे बाकी. ८.७५ टक्क्यांनी हप्ता ३९,९७८ रुपये. ७.५० टक्क्यांनी, मुदत तीच ठेवून, ३७,०८० रुपये. महिन्याला २,८९८ रुपये वाचतात, १५ वर्षांत सुमारे ५ लाख २१ हजार. पण कर्जदाराने हप्ता कमी करून घेतलाच नाही आणि जुनाच ३९,९७८ भरत राहिला, तर कर्ज १८० ऐवजी १५८ हप्त्यांत फिटते आणि बचत जवळपास ९ लाखांवर जाते. दर तोच, बँक तीच, फक्त अर्जावर एक पर्याय वेगळा निवडला.

उलटी बाजू जास्त धोक्याची आहे. नवी बँक ‘हप्ता आणखी कमी करून देतो’ म्हणत मुदत पुन्हा २० वर्षे करते. हप्ता ३२,२२४ रुपयांवर येतो. महिन्याला साडेसात हजारांहून जास्त वाचल्याचा आनंद होतो. एकूण भरणा मात्र ७७ लाख ३३ हजार. जुन्याच बँकेत ८.७५ टक्क्यांनी राहिले असते तर एकूण ७१ लाख ९६ हजार गेले असते. म्हणजे सव्वा टक्का स्वस्त कर्ज घेऊन ५ लाख ३७ हजार जास्त मोजले. तुमच्या विक्री अधिकाऱ्यांच्या पत्रकांवर हप्त्यांची तुलना मोठ्या अक्षरांत असते, एकूण भरण्याची नसते. दुसरी मागणी ही: टेकओव्हरच्या, म्हणजे दुसऱ्या बँकेचे कर्ज आपल्याकडे घेण्याच्या, प्रत्येक प्रस्तावावर जुन्या कर्जाचा उरलेला एकूण भरणा आणि नव्या कर्जाचा एकूण भरणा शेजारी-शेजारी छापा. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्यपत्रक, म्हणजे केएफएस, द्यावेच लागते. त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर असतो. जुन्या कर्जाची ओळ त्यात जोडायला एक तक्ता पुरेसा आहे. जुन्या बँकेला तर दर तिमाहीला उरलेले हप्ते आणि दर कर्जदाराला कळवावेच लागतात. ते विवरण हाती असले की तुलना पाच मिनिटांची.

खर्चाची बाजू. प्रोसेसिंग फी पाव ते अर्धा टक्का धरली तर ४० लाखांवर १० ते २० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८०० ते २३,६००. वर वकिलाची फी, मूल्यांकन, गहाणाच्या कागदावरचे मुद्रांक शुल्क, सेरसाई (गहाणांची केंद्रीय नोंदवही) नोंदणी. सव्वा टक्क्याच्या फरकाने पहिल्या वर्षी व्याजात साधारण ५० हजारांची बचत होते, तेव्हा खर्च वर्षाच्या आत वसूल होतो. पण ८ लाख शिल्लक, ५ वर्षे बाकी आणि दर ८.५० वरून ८ टक्के, असे असेल तर महिन्याला १९२ रुपये वाचतात. पाच वर्षांत साडेअकरा हजार. ते फी आणि वकिलातच जातात. अशा माणसाला टेकओव्हर विकू नका. कर्जाच्या सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यात व्याजच जास्त असते, म्हणून बदलाचा फायदा तेव्हाच. शेवटच्या चार-पाच वर्षांत मुद्दल फिटत आलेले असते.

जुने कर्ज बंद करताना दंड नाही, हे आता बहुतेकांना माहीत आहे. व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग गृहकर्जावर बँकांना २०१२ पासूनच मनाई आहे, आणि १ जानेवारी २०२६ पासून मंजूर वा नूतनीकरण झालेल्या कर्जांसाठी नियम अधिक स्पष्ट झाला: व्यक्तीच्या बिगर-व्यावसायिक फ्लोटिंग कर्जावर पैसा कुठूनही आणला तरी शुल्क नाही आणि किमान काळ थांबण्याची अटही नाही. ठरावीक दराच्या कर्जाचे तसे नाही; तिथे करारात आणि केएफएसमध्ये जे लिहिले ते लागू. ‘पहिली दोन-तीन वर्षे फिक्स्ड, मग फ्लोटिंग’ अशा कर्जांत लोक फसतात ते इथेच. गोव्यात आणखी एक कोपरा राहतो, पतसंस्थांचा. त्या सहकारी संस्था निबंधकांच्या अखत्यारीत येतात, रिझर्व्ह बँकेच्या या नियमांत नाहीत. पतसंस्थेचे कर्ज बँकेत नेणाऱ्याने आधी करारातले मुदतपूर्व फेडीचे कलम वाचावे.

इथून पुढे खरे दुखणे सुरू होते. दर कागदावर ठरतो, बचत मात्र तारखांवर ठरते.

नवी बँक कर्ज मंजूर करते, टायटल आणि मूल्यांकन पाहते, मग जुन्या बँकेकडून दोन कागद मागते: फोरक्लोजर लेटर आणि जुन्या बँकेकडे असलेल्या मूळ दस्तांची यादी, जिला सगळे एलओडी म्हणतात. ही दोन पत्रे काउंटरवर मिळायला हवीत. प्रत्यक्षात ती ‘वरून’ येतात, आणि येण्याआधी कर्जदाराला थांबवणारे दोन-तीन फोन होतात. पत्र येते तेव्हा त्यातली रक्कम एका ठरावीक तारखेपर्यंतची असते. ४० लाखांवर ८.७५ टक्क्यांनी दिवसाचे व्याज ९५९ रुपये. नव्या बँकेचा डीडी पत्राच्या तारखेनंतर चार दिवसांनी पोचला, तर ३,८३६ रुपये कमी पडतात आणि तेवढ्यासाठी खाते बंद होत नाही. चाळीस लाख सस्पेन्स (तात्पुरत्या) खात्यात पडून, जुने व्याज चालूच, नवे व्याज सुरू. त्यातच पाच तारीख आली तर एनएसीएचने, म्हणजे खात्यातून आपोआप होणाऱ्या वसुलीने, जुना हप्ताही कापला जातो. फोरक्लोजर लेटरमध्ये तो हप्ता भरला असे धरले होते की नाही, यावरून पुन्हा ३९,९७८ रुपयांचा गोंधळ.

यावर उपाय साधे आहेत आणि ते तुमच्या हातात आहेत. फोरक्लोजर लेटरवर दिवसाचे व्याज ठळक छापा. पत्र हप्ता वसूल झाल्यावर दोन दिवसांत द्या आणि ते निदान दहा दिवस चालू राहील असे पाहा. हप्ता पाचला जात असेल तर सात तारखेचे पत्र आणि सतराच्या आत भरणा, म्हणजे मध्ये दुसरा हप्ता येतच नाही. डीडीऐवजी थेट कर्जखात्यात आरटीजीएस स्वीकारा. डीडीच घ्यायचा असेल तर नव्या बँकेने सात दिवसांचे जादा व्याज धरून तो काढावा. उरलेले जुनी बँक परत करते. कर्जदारांना आम्ही सांगतो की जुन्या खात्यातला एनएसीएच आपणहून आधी बंद करू नका, हप्ता बाउन्स झाला तर क्रेडिट अहवालात डाग राहतो. खाते बंद झाल्याचे पत्र हातात आले की मग ही वसुलीची परवानगी (मॅन्डेट) रद्द करा.

नव्या बँकांनाही एक आठवण. रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ रोजी बजावले आहे की व्याज पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या दिवसापासून लावायचे, मंजुरीच्या किंवा चेकवरच्या तारखेपासून नाही. डीडी सोमवारी काढला, शाखेच्या ड्रॉवरमध्ये गुरुवारपर्यंत पडला, तर त्या दिवसांचे व्याज कर्जदाराचे नाही. ४० लाखांवर ७.५० टक्क्यांनी ते दिवसाला ८२२ रुपये होते.

मग मूळ दस्त. गोव्यातल्या बहुतेक मोठ्या कर्जदात्यांचे दस्त गोव्यात नसतातच. ते राज्याबाहेरच्या मध्यवर्ती भांडारात असतात. खाते बंद झाल्यावर मागणी जाते, पेटी उघडते, कुरिअर येते. १ डिसेंबर २०२३ पासून नियम असा आहे की पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत सर्व मूळ दस्त परत करायचे आणि गहाणाच्या नोंदीही उतरवायच्या. उशीर कर्जदात्याच्या बाजूने झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. दस्त हरवला किंवा खराब झाला, तर प्रमाणित प्रती मिळवून देण्यासाठी आणखी ३० दिवस, आणि तो खर्च कर्जदात्याचा. कर्जदाराला दस्त आपल्या शाखेतून किंवा जिथे ते आहेत त्या दुसऱ्या कार्यालयातून घेण्याची निवड आहे. तरी ‘मुंबईला येऊन घेऊन जा’ असे सांगितले जाते. पणजी, मडगाव, म्हापसा किंवा वास्कोच्या शाखेत दस्त आणून देणे हे तुमचे काम आहे.

दस्त येईपर्यंत नवी बँक वेगळाच काटा लावते: ‘मूळ कागद जमा होईपर्यंत जादा व्याज’. दंडाची रक्कम व्याजदरात मिसळू नये, हे रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्येच सांगून झाले आहे. जुन्या बँकेने नियमातले तीस दिवस घेतले म्हणून कर्जदाराला जादा दर लावणे आम्हाला अजिबात पटत नाही. ही अट मंजुरीपत्रातून काढा, निदान तीस दिवसांपुरती तरी.

दस्त हातात घेताना कर्जदाराने एलओडी समोर ठेवून एकेक पान मोजावे: नोंदणीकृत विक्रीखत, त्याआधीचा करार, नोंदणीच्या पावत्या, मूळ मालकाच्या टायटलची साखळी, सनद, ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट. शिवाय थकबाकी नसल्याचे पत्र. सेरसाईवरची जुनी नोंद उतरली का, हे थोड्या फीत ऑनलाइन पाहता येते. ती उतरली नसेल तर नव्या बँकेची नोंद दुसऱ्या क्रमांकावर बसते आणि पुढे घर विकताना दोन गहाणे दिसतात. गहाण नोंदणीकृत खताने झालेले असेल तर सब-रजिस्ट्रारकडे मुक्ततेचे खतही करावे लागते. नुसत्या पत्राने भागत नाही, आणि घर विकायच्या दिवशी भारमुक्तता दाखल्यात ते जुने गहाण वर येते.

आता जे फक्त गोव्यातच घडते त्याबद्दल. कर्जाच्या फाइली आता राज्याबाहेरच्या केंद्रांत मंजूर होतात, आणि तिथला माणूस गोव्याच्या घरासाठी सातबारा मागतो. इथे फॉर्म १ व १४ असतो, शहर भागात फॉर्म डी. दर फाइलमागे हे समजावण्यात आठवडा जातो. विक्रीखतात जुन्या जमीन नोंदणीतला वर्णन क्रमांक आणि मात्रिझ (जुन्या करनोंदीतला) क्रमांक असतो. हे काय, असे प्रश्न येतात. टायटलच्या साखळीत पोर्तुगीज दस्त असला तर भाषांतर मागितले जाते, ते रास्तच आहे, पण जुन्या बँकेने करून घेतलेले भाषांतर दस्तांसोबत परत दिले तर तेच काम दोनदा होणार नाही.

त्याहून मोठा प्रश्न नवरा-बायकोच्या सहीचा. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता दोघांची समाईक होते, खत एकाच्याच नावावर असले तरी. गहाण ठेवायला दोघांची सही लागते. बाहेरच्या केंद्राने दुसऱ्याला फक्त ‘हमीदार’ धरले, तर गहाणच कच्चे राहते. म्हणून लग्नाचा नागरी नोंदणी दाखला पहिल्याच दिवशी मागावा. दोघांपैकी एक वारला असेल तर गुंता वाढतो. हयात जोडीदाराचा अर्धा हिस्सा राहतो, उरलेला अर्धा वारसांकडे जातो. मग वारसाहक्काचा दस्त किंवा इन्व्हेंटरी (कोर्टातली वाटणीची कार्यवाही) झाल्याशिवाय आणि सगळ्या वारसांच्या सह्यांशिवाय नवे गहाण होत नाही. हप्ते नियमित चालू असल्याने जुन्या बँकेला हे कळलेलेच नसते. असा कर्जदार टेकओव्हरला गेला की फी भरल्यावर अडकतो. त्याच्यासाठी खरा मार्ग म्हणजे जुन्याच बँकेत स्प्रेड कमी करून घेणे, आणि म्हणूनच आमची पहिली मागणी आम्ही पहिली ठेवली.

जुन्या बँकेने दहा वर्षांपूर्वी जे टायटल मान्य केले तेच नवीचा वकील नाकारतो, हेही नेहमीचे. कारणे बहुधा ठरलेली. फ्लॅटचा फक्त विक्री करार नोंदलेला, अंतिम विक्रीखत बिल्डरने कधी केलेच नाही. पंचायतीची घरपट्टी चालू पण ऑक्युपन्सी नाही. मंजूर नकाशात नसलेला मजला किंवा बंद केलेला बाल्कांव (घरापुढची बसायची पडवी). मुंडकाराने (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्या रहिवाशाने) मामलेदाराकडून खरेदीचा दाखला घेतला, पण म्युटेशन (फेरफार) बाकी. कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या सामाईक संस्थेची) जमीन आणि तिचे कागद अर्धवट. झोन बदलून घेतलेली जमीन असेल तर अलीकडे वकील जास्तच खोलात जातात, आणि त्यांना दोष देता येत नाही. यातल्या काही उणिवा महिन्यात भरून निघतात, काहींना वर्षे लागतात. तोवर अर्जासोबत भरलेली लॉगिन फी परत मिळत नाही. तिसरी मागणी म्हणून सांगतो: टायटलचा प्राथमिक अभिप्राय आधी घ्या, प्रोसेसिंग फी नंतर. टायटलमुळे नकार दिला तर वकील आणि मूल्यांकनाचा प्रत्यक्ष खर्च वजा करून बाकी फी परत करा. आणि नकाराचे कारण लेखी द्या, म्हणजे कर्जदार तेच घेऊन तिसऱ्या बँकेच्या दारात जाऊन पुन्हा फी भरणार नाही. दर अर्जामागे क्रेडिट अहवालात चौकशी नोंदली जाते ती वेगळीच.

तारवटी (जहाजावर नोकरी करणारे) आणि आखातात असलेल्यांची अडचण तुम्हाला नवी नाही. जुनी बँक म्हणते, दस्त घ्यायला सर्व कर्जदार समक्ष हवेत, माणूस जहाजावर. कुलमुखत्यारपत्र असते, पण त्यात कर्ज काढण्याचा अधिकार लिहिलेला असतो, मूळ दस्त ताब्यात घेण्याचा आणि नवे गहाण करून देण्याचा नसतो. परदेशात केलेले कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत प्रमाणित करून, भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. मुदत गेली की दंड. बँकांनी एकच मान्य मसुदा ठरवून तो संकेतस्थळावर ठेवला, तर माणूस पुढच्या सुट्टीपर्यंत थांबणार नाही. जहाजाचा करार नऊ महिन्यांचा असतो म्हणून तीन महिने कोरे गेलेले पाहून ‘उत्पन्न अनियमित’ असा शेरा मारणे, हे गोव्यातल्या शाखेने तरी करू नये.

विम्याबद्दल थोडक्यात. जुन्या कर्जासोबत घेतलेली एकरकमी विमा पॉलिसी कर्जासोबत आपोआप हलत नाही. ती जुन्या बँकेच्या नावाने असाइन असते. एकतर ती सोडवून घ्यायची किंवा नव्या बँकेच्या नावाने करायची. तसे सांगण्याऐवजी नवी बँक एक लाखाची नवी पॉलिसी कर्जातच मिळवते. तेवढ्या एका लाखाचे ७.५० टक्क्यांनी १५ वर्षांत १ लाख ६६ हजार होतात. घराचा आगीचा विमा मागणे योग्य आहे. जीवन विमा, आणि तोही तुमच्याच भागीदार कंपनीचा, ही मंजुरीची अट असू शकत नाही. टॉप-अपचेही (त्याच घरावरच्या वाढीव कर्जाचेही) असेच: लागत नसेल तर घेऊ नये, त्याचा दर वेगळा असतो, आणि घराव्यतिरिक्त वापरला तर व्याजावर करसवलत मिळत नाही. मूळ कर्ज फेडण्यासाठी घेतलेल्या नव्या कर्जाच्या व्याजाला मात्र जुन्या कररचनेत वजावट मिळते, जर जुन्या-नव्या दोन्ही बँकांची प्रमाणपत्रे जपली तर.

कर्जदाराची तक्रार तीस दिवसांत सुटली नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि गृहवित्त कंपनीविरुद्ध राष्ट्रीय आवास बँकेकडे जाता येते. हे शाखेतल्या फलकावर असते खरे, पण बहुधा झाडाच्या कुंडीमागे.

समितीची बैठक दर तिमाहीला होते. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत आम्हाला चार आकडे हवे आहेत, बँकनिहाय: तिमाहीत किती गृहकर्जे दुसरीकडे गेली, फोरक्लोजर लेटर मागितल्यापासून द्यायला सरासरी किती दिवस लागले, खाते बंद झाल्यापासून मूळ दस्त द्यायला किती दिवस लागले, आणि दिवसाला ५,००० रुपयांची भरपाई किती जणांना मिळाली. याच बैठकीत गोव्यासाठी कागदपत्रांची एक समान यादीही मंजूर करा, ज्यात फॉर्म १ व १४, फॉर्म डी, लग्नाचा नागरी दाखला, वारसाहक्काचा दस्त आणि ऑक्युपन्सी यांचा स्पष्ट उल्लेख असेल, आणि ती राज्याबाहेरच्या मंजुरी केंद्रांना पाठवा. मसुदा करून हवा असेल तर आमच्यातले वकील तो विनामोबदला करून देतील.

कळावे,

गोव्यातील गृहकर्जाच्या कागदपत्रांचे आणि हिशेबाचे काम करणारे आम्ही काहीजण